बेटावरचा कायदा आणि मस्कतमधलं माझं दुकान

माझ्या बायकोच्या सख्ख्या भावाने मला फसवलं. मस्कतच्या गाला या कारखान्यांच्या वस्तीतलं माझं रेडिएटर दुरुस्तीचं वर्कशॉप आज कागदोपत्री त्याचं आहे, आणि त्याला ते बंद करून तिथे गाड्यांच्या सीटकव्हरची शोरूम काढायची आहे.

रत्नागिरीहून ओमानला आलो तेव्हा दुकान माझ्या नावावर होऊच शकत नव्हतं. परदेशी माणसाला सोबत ओमानी मालक दाखवावा लागे. माझा अर्बाब, म्हणजे असा कागदावरचा मालक, गावाकडे खजुराची बाग असलेला म्हातारा होता. दुकानात तो क्वचित यायचा. भांडण झालं की मीच त्याच्या बैठकीत जायचो. मी तापट माणूस. एकदा शेजारच्या गॅरेजवाल्याने माझा कारागीर पळवला, तेव्हा गाडीतून उतरतानाच मी शिव्या जुळवत होतो. पण तिथली रीत अशी की आधी खबर विचारायची. अर्बाब म्हणाला, "काय खबर?" यावर एकच उत्तर असतं, आत आग लागली असली तरी. "काही नाही, सगळं खैर." मग खजूर, मग कावा, म्हणजे तिथली वेलची घातलेली कॉफी. पुन्हा, "आणखी काय खबर?" पुन्हा खैर. तिसऱ्या कपापर्यंत माझ्या निम्म्या शिव्या विरघळल्या. मग त्याने गॅरेजवाल्याला बोलावून घेतलं, दोघांना शेजारी बसवलं, ऐकून निकाल दिला आणि म्हणाला, "खलास." त्याच्या निकालांवर मी कितीदा चरफडलो असेन, पण एकही कधी मोडला नाही. त्या बैठकीतल्या कॉफीचा वेलचीचा वास अजून नाकात आहे.

पुढे कायदा बदलला. परदेशी माणसाला धंदा पूर्ण आपल्या नावावर करता येऊ लागला. अर्बाबाने हसत नाव काढून घेतलं. "आता तूच अर्बाब," म्हणाला. मला मात्र पोरकं वाटलं.

तेवढ्यात मेव्हणा आला. मस्कतमध्येच अल मवालेहला आमच्या घरी, माझ्याच ताटातली सुरमई खात म्हणाला, "दुलाभाई, स्वतःच्या नावावर कशाला घेता? एका बेटावर कंपनी काढू. ती कंपनी इथल्या दुकानाची मालक. तिथे इंग्रजांच्या वळणाचा कायदा चालतो."

"त्या बेटावर रेडिएटर दुरुस्त होतात का?" मी विचारलं.

"तुम्ही पण ना! निम्मी कंपनी तुमची, निम्मी माझी. तुमच्या मुलांना पुढे वारसाहक्काचा त्रास नको."

बायको म्हणाली, "भाऊ माझा आहे, पण दुकान तुमचं आहे. विचार करा." मी विचार केला नाही. रेडिएटरच्या भावात दिवसभर घासाघीस करणारा माणूस मी, पण घरच्या माणसाशी घासाघीस करायची नाही असं मानत आलो. सह्या केल्या आणि दुकान त्या कंपनीच्या नावावर गेलं. मेव्हण्याने तिथला संचालक होऊन मला न सांगता स्वतःला नवे शेअर वाटून घेतले. निम्म्याचा मालक होतो, तो नावापुरता उरलो.

मस्कतमध्ये कायद्याचा सल्ला देणाऱ्या एका नागपूरच्या बाई आहेत, त्यांच्याकडे गेलो.

"काका, शेअर बेटावरच्या कंपनीचे आहेत. भांडण तिथल्या कोर्टात. तिथले न्यायाधीश जुने निकाल लावून बघतात. हरलात तर अपील."

"कुठे?"

"शेवटचं अपील लंडनला."

"बेट स्वतंत्र आहे ना? झेंडा आहे, संसद आहे?"

"आहे. पण घटनेत शेवटचं कोर्ट लंडनचं ठेवलंय. ते बदलावं की नाही यावर तिथेही वाद चालू आहे. काही लोक म्हणतात, लाज वाटते. काही म्हणतात, बेट इवलंसं, सगळे एकमेकांचे पाहुणे. न्याय करणारा लांबचा असलेलाच बरा."

मी तडकलो. "आमच्या अर्बाबाला सगळे ओळखत होते, म्हणूनच त्याच्यासमोर खोटं बोलायची कुणाची हिंमत नव्हती!"

बाई शांतपणे म्हणाल्या, "आणि तुमचा मेव्हणा तुम्हाला ओळखत नव्हता का?"

बेटावरच्या लोकांवरचा माझा राग ओसरला. आपल्या माणसांची भीती त्यांनाही असणार.

अर्बाब आता अंथरुणाला खिळला आहे, माणसं ओळखत नाही. त्याच्याकडे गेलो आणि त्याचा हात हातात धरून बसलो. या वेळी मला खबर विचारणारं कुणी नव्हतं.

बेटावर वकील करायची माझी तयारी चालू आहे. लंडनपर्यंतही जाईन. पण त्याआधी, मेव्हण्या, तू गालाच्या दुकानात ये. माझे कारागीर समोर उभे राहतील, तुझी बहीणही बसेल. ज्या दुकानात तू एक पान्हा कधी उचलला नाहीस, ते बंद करायचा हक्क तुला कुणी दिला, याचं उत्तर त्यांच्यासमोर दे. माझा फोन उचल आणि ये.