धावपट्टीवरची चादर

एदुविहेस ग्वाही हिला मी पहिल्यांदा पाहिलं ते सांता क्लाराच्या शाळेत रुजू झालो त्याच्या दुसऱ्या सकाळी. ती धावपट्टीवर अनवाणी चालत होती आणि दर दहा पावलांवर जमिनीत टाच रोवत होती. वाटलं, बाईचं डोकं फिरलंय.

"मास्तर, कडेच्या गवतातून जा," ती ओरडली. "ही वाट विमानाची आहे."

आमच्या सपाट मैदानी मुलखात पावसाळ्यात रस्ते पाण्याखाली जातात. औषधं, मीठ, अडलेली बाळंतीण, कापलेल्या गुरांचं मांस, सगळं छोट्या विमानातून जातं-येतं. पट्टीवरच्या गायी हाकलणं आणि जमीन जोखणं हे एदुविहेसचं काम. टाच घोट्यापर्यंत रुतली की ती पट्टीच्या तोंडाशी पांढरी चादर अंथरी. चादर जमिनीवर असेल तर परत फिरायचं, खांबावर फडकत असेल तर खुशाल उतरायचं. हे इकडच्या प्रत्येक वैमानिकाला ठाऊक.

पुढे एका फेब्रुवारीत, म्हणजे इकडच्या ऐन पावसाळ्यात, चादर जमिनीवर होती, तरी विमान उतरलं. पुढचं चाक चिखलात रुतलं, विमान नाकावर उभं राहिलं आणि उताणं पडलं. आत आमचे जमीनमालक डॉन ओर्मान्दो ('डॉन' हे इकडचं 'राव') होते आणि वैमानिक रोमुलो. मालकांची बरगडी मोडली, रोमुलोचा हात.

रोमुलोला आम्ही शाळेतल्या बाकावर निजवलं. तो मला हळूच म्हणाला, "चादर दिसली होती, मास्तर. मालक म्हणाले, घाल खाली, घरी पाहुणे खोळंबलेत."

चौकशीला विमान खात्याचे साहेब आले तेव्हा मात्र तो मान खाली घालून बसला. मालकांनी एक कागद पुढे केला. 'चादर अंथरायला मी विसरले,' असं त्यात एदुविहेसच्या नावाने लिहिलं होतं.

"अंगठा लाव, एदु. तुला कोण फाशी देतंय?"

"मला सही येते, मालक. मास्तरांनी शिकवलीय. वाचताही येतं, तीच तुमची पंचाईत."

"पट्टी माझ्या जमिनीवर आहे. उद्यापासून तिथे पाऊल टाकायचं नाही!"

"बरं. मग उद्या जमीन तुम्हीच जोखा. बूट तेवढे काढावे लागतील."

कोणीतरी फिस्सकन हसलं. एदुविहेस घरी गेली आणि त्या दिवशीची चादर घेऊन आली. साहेबांच्या टेबलावर तिने ती उलगडली. आडवे, चिखलाचे, चाकांचे दोन पट्टे.

"मी विसरले ना? मग हे विमान काय माझ्या खाटेवरून गेलं?"

साहेबांनी चादर निरखली. मग रोमुलोकडे पाहिलं. तो मान वर करून म्हणाला, "चादर होती, साहेब. मी पाहिली होती."

तरी मालक हटले नाहीत. त्यांनी पट्टीवर आपला गुराखी नेमला. तो खांबावर चादर चढवी, पण वैमानिक वरून रेडिओवर विचारत, "आज टाच कोणाची?" दुसऱ्याचं नाव ऐकलं की घिरटी घालून निघून जात. तीन आठवडे मांस गावातच नासलं. शेवटी मालकांनी तिला आणायला स्वतःचा घोडा पाठवला.

"घोडा परत न्या," ती म्हणाली. "मला पाय आहेत."

ती चालत गेली.

आता ती एकाहत्तर वर्षांची आहे. खांबावर नवी चादर असते. जुनी तिच्या खाटेखालच्या पेटीत आहे, न धुतलेली.