अंबाजीने बुजवलेली विहीर

आमच्या तळ्याच्या आसपास अंबाजीने एकोणीस विहिरी खणल्या आणि त्याच्या स्वतःच्या परसात एकही नव्हती. दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा. तीनदा त्याने खणून पाहिलं, तीनदा दोन पुरुष खोलीवर काळा कातळ लागला. त्याची बायको मनुबाई चैत्र-वैशाखात ओढ्यापलीकडून पाणी आणायची, दिवसाला पाच खेपा. आमची घरं भिंतीला भिंत, तेव्हा हंडा उतरवताना ती नवऱ्याला काय म्हणायची ते मला पाठ आहे. इथे लिहिण्यासारखं नाही.

एकतीस साली ताबुसच्या वाळवंटातून सांगावा आला, विहिरी खणणारे हवेत. हे ताबुस मझरान देशात. जमिनीखाली तेलच तेल आहे म्हणून एका कंपनीचे साहेब तिथे ठाण मांडून बसले होते, पण मजुरांना प्यायला पाणी नव्हतं. पाणी लागलं तर कातळ फोडायच्या पोलादी पहारी देऊ, असं कबूल झालं. अंबाजी म्हणाला, दोन वर्षांत येतो आणि दारात विहीर करतो. मनुबाईने भाकऱ्या बांधून दिल्या. तो रेवसहून बोटीने मुंबईला आणि तिथून जहाजाने पुढे गेला.

तिथे त्याने आठ पुरुष खणलं. पाणी नाही. काळं, चिकट, घासलेटाच्या वासाचं काहीतरी वर यायला लागलं.

आता आमची रीत अशी, की विहीर फसली तर खणणाऱ्यानेच ती बुजवायची, वर नारळ ठेवायचा आणि मागे वळून न बघता चालू लागायचं. नाहीतर पुढच्या विहिरीला पाणी लागत नाही. साहेब चार दिवस बंदरावर गेले होते. अंबाजीने तेवढ्यात विहीर बुजवली. नारळ मिळेना, म्हणून खजूर ठेवला. मागे काही बघितलं नाही.

साहेब परतल्यावर त्याने दुभाष्यामार्फत खरं काय ते सांगितलं. पाणी नव्हतं, घाण लागली होती, बुजवून टाकली. कसली घाण, असं विचारल्यावर त्याने धोतराचा डागाळलेला सोगा पुढे केला. साहेबाने तो हुंगला आणि मटकन वाळूत बसला. मग म्हणाला, जागा दाखव. मधे वावटळ होऊन गेलेली, सगळीकडे वाळू सारखीच, आणि याने वळून पाहिलेलं नाही. कर्म आमचं! साहेबाने हुकूम सोडला, बुजवली त्यानेच शोधायची, तोवर घरी जायचं नाही.

दोन वर्षांनी पत्र आलं. चांगदेव गुरुजींनी ओटीवर वाचून दाखवलं. शोधतो आहे, असं होतं. मनुबाईने विचारलं, काय शोधतात? गुरुजी म्हणाले, त्यांनीच बुजवलेला खड्डा.

ती उठली, घरी गेली आणि माळ्यावरून नवऱ्याची जुनी पहार काढली. परसात एकच जागा खणायची राहिली होती, उकिरड्याखालची. तिथे विहीर शोभत नाही म्हणून अंबाजीने ती कधी धरली नव्हती. मनुबाईने आधी उकिरडा हलवला. त्यातच एक उन्हाळा गेला. दुसऱ्या उन्हाळ्यात ती खणायची आणि तिची वेगळी राहणारी जाऊ ठमाबाई वरून टोपल्या ओढायची. आळीतले आम्ही पुरुष हसलो. मीही हसलो, त्याची लाज वाटते. चार पुरुषांवर पाणी लागलं.

पुढच्या वर्षी अंबाजीला ताबुसातला खड्डा सापडला. तेल वर आलं, साहेब नाचला, आणि पाण्याचा विषयच न काढता त्याने पहारी देऊन टाकल्या. अंबाजी चार पहारी बैलगाडीत घालून दारात उतरला, तेव्हा मनुबाई पाणी शेंदत होती.

त्याने खाली वाकून पाहिलं, दगड चाचपले. कुणी खणली, असं विचारलं नाही. कळशीतलं पाणी प्याला.

"गोड हाय," तो म्हणाला.

मनुबाईने दोर सोडला नाही. रडत होती, आणि रागानेच रडत होती.

"पाणी लागलं तवा मी वरती आले," ती म्हणाली. "सांगू कुनाला? घरात कोन व्हतं?"

अंबाजी तिथेच मातीत बसला आणि गाडीवाल्यादेखत ढसाढसा रडला. पहारी मीच उतरवून घेतल्या.