कड्याखाली भागूबाई

माझ्या नणंदेचं खरं नाव घरात कुणी घेत नाही. लहानपणी ती झोपाळ्यावर बसायची नाही, कुत्रा दिसला की रस्ता बदलायची आणि अंधाऱ्या खोलीतून काही आणायचं असलं तर मोठ्याने गाणं म्हणत जायची. म्हणून तिच्या दादाने, म्हणजे आमच्या ह्यांनी, तिला ‘भित्री भागूबाई’ म्हणायला सुरुवात केली. पुढे ‘भित्री’ गळलं आणि भागू राहिली. आज ती सेहेचाळीस वर्षांची आहे आणि लोकांना कयाकमधून समुद्रात नेऊन कड्यावरून उड्या मारायला लावते.

लोकांना वाटतं, मधल्या काळात तिची भीती गेली असेल. कसली जातेय! चोवीस वर्षं मी तिला बघते आहे. आजही आमच्याकडे आली की आधी गॅसचं बटण बघते, मग मला ‘कशी आहेस वहिनी’ म्हणते.

आधी चौदा वर्षं ती लिफ्टच्या कंपनीत होती. दोर, ब्रेक, दाराची कडी तपासायची, कागदावर सही करायची आणि स्वतः जिन्याने खाली यायची. साहेबांनी एकदा विचारलं, “तुमचा तुमच्याच सहीवर भरवसा नाही का?” तर म्हणाली, “सही सकाळची आहे साहेब. आता दुपार झाली.”

मग तिची पाठ धरली. डॉक्टरांनी पोहायला सांगितलं. तलावाची कड सोडायलाच तिला दोन महिने लागले, पण सोडली. तिथल्याच कुणाच्या तरी नादाने ती एकदा कयाकमध्ये बसली आणि त्या संध्याकाळी आमच्याकडे येऊन म्हणाली, “वहिनी, जमिनीवर माझ्या घाबरण्याला सगळे हसतात. पाण्यावर तेच कामाला येतं गं.” पुढच्या वर्षी नोकरी सोडली. बंद पडलेल्या बर्फाच्या कारखान्यातली एक खोली घेतली. तिथे पाण्यावर तरंगायची जॅकेटं मापाप्रमाणे खुंट्यांवर टांगली, प्रत्येकाला नंबर घातला. ओल्या रबराचा वास असलेल्या त्या खोलीत टेबलावर एक वही असते. आज आपल्याला कशाची भीती वाटली, ते ती रोज त्यात लिहिते. ‘अकरा नंबरच्या जॅकेटचा चाप दोनदा अडकला.’ ‘पाणी फारच शांत होतं.’ ‘एक गृहस्थ सारखे हसत होते.’ ही वही वाचताना मी हसून हसून लोळले होते.

तिचा एक नियम तर वेडेपणाचाच वाटायचा. पाण्यावर ‘नाही’ आणि ‘नको’ हे शब्द बंद. निघण्याआधी वाळूत सगळ्यांना उभं करून ती हे समजावते. “आपल्या भाषेत नकार वाक्याच्या शेपटीला असतो. ‘हात सोडायचा नाही’ असं मी ओरडले आणि शेवटचा शब्द वाऱ्याने नेला, तर तुम्हाला काय ऐकू येणार? ‘हात सोडायचा.’ म्हणून आधी ‘थांबा’. मग बाकीचं पुराण.” ही सवय तिने घरीही आणली. जेवताना दादाने मिठाच्या डबीला हात लावला की ओरडायची, “थांब!” त्यांच्या हातून डबीच पडायची. मग शांतपणे म्हणायची, “भाजीत मीठ आहे.”

तर अशा ह्या भागूबरोबर रविवारी आपण जाणार आणि कड्यावरून उडी मारणार, असं आमच्या ह्यांनी एका सकाळी जाहीर केलं. हे घड्याळं दुरुस्त करतात. तीस वर्षं एका डोळ्याला भिंग लावून, मान वाकवून त्याच खुर्चीत बसलेत. मी म्हटलं, “काही गरज नाही.” याआधी सायकलला आणि चित्रकलेच्या वर्गालाही मी हेच म्हटलं होतं, आणि दोन्ही वेळा माझंच बरोबर होतं असं माझं मत आहे. पण या वेळी हे ऐकेनात. शेवटी लक्ष ठेवायला म्हणून मीही निघाले. मला पोहता येत नाही हे सांगून पाहिलं, तर भागूने सगळ्यात जाड जॅकेट माझ्या अंगावर चढवलं आणि चाप तीनदा ओढून बघितले.

आम्ही पाच जण होतो. भागू, तिचा कामातला जोडीदार, आम्ही दोघं आणि एक दातांचे डॉक्टर. जोडीदार पूर्वी अग्निशमन दलात होता; त्याला सगळे बंबवाला म्हणतात. डॉक्टर निघाल्यापासून हसत होते. मला वहीतली नोंद आठवली.

कयाक म्हणजे काय, तर पाण्यावर ठेवलेली शेंग. तीत आपण बसायचं आणि वल्हं मारायचं. किनाऱ्यावरून समुद्र मोठा दिसतो. त्यात बसलं की तो उंच दिसतो, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. प्रत्येक लाट आली की मी डोळे मिटायचे, आणि उघडले की पुढची आलेली असायची. भागू माझ्या बाजूलाच होती. मधूनमधून ती मोजायची, “एक, दोन, तीन, चार, मी पाच.” दर काही मिनिटांनी तेच. मला आधी वैताग आला, मग त्या मोजण्याचाच आधार वाटायला लागला.

कडा दुमजली घराएवढा होता. वर एक सपाट टप्पा आणि टप्प्याखाली खडकाचं पोट पुढे आलेलं. त्यामुळे वरच्या माणसाला अगदी पायथ्याचं पाणी दिसत नाही. म्हणून भागूची पद्धत ठरलेली. उडीआधी ती स्वतः जॅकेट काढून, डोळ्यांना चष्मा लावून खाली बुडी मारते आणि तळ बघते. लाटांनी एखादा ओंडका किंवा दगड आणून टाकलाय का, ते हाताने चाचपते. आदल्या दिवशी बघितलेलं तिला चालत नाही. मग वर येऊन बाजूला होते आणि लाल वल्हं उभं धरते. ते दिसल्यावरच बंबवाला वरून एकेकाला सोडतो. तोवर सगळ्यांनी कडेपासून लांब खाली बसायचं.

बाकीचे तिघं आपापल्या कयाक खडकाला बांधून टप्प्याकडे चढायला लागले. माझी कयाक तिने खडकाआडच्या संथ पाण्यात, स्वतःच्या रिकाम्या कयाकला बांधली. म्हणाली, “वहिनी, तू इथे बस. काही झालं तर शिट्टी. तीन वेळा.” शिट्टी जॅकेटलाच लटकत होती. मग तिने चष्मा लावला, श्वास घेतला आणि खाली गेली.

मी वर पाहिलं. डॉक्टर अर्ध्या चढावर खडकाला चिकटून बसले होते. हसणं संपलं होतं. त्यांना हात द्यायला बंबवाला चार पावलं खाली उतरला. आणि तेवढ्यात टप्प्यावर बसलेले आमचे हे उठले, पुढे आले आणि अगदी कडेला येऊन उभे राहिले.

इथून ते भिंगाएवढे दिसत होते. त्यांनी मला पाहिलं, हात केला. मी पाण्याकडे पाहिलं. भागू खाली होती. बरोब्बर त्यांच्या पायांखाली.

शिट्टी गळ्यापाशी होती. ती तोंडात धरायची सोडून मी तोंड उघडलं आणि जिवाच्या आकांताने ओरडले, “अहो, आत्ता उडी मारायची नाही! भागू खाली आहे!”

त्यांनी उडी मारली.

लग्नानंतर पहिल्यांदा ह्या माणसाने माझं बोलणं संपायच्या आत काही केलं असेल. हात पसरलेले, पाय वाकडे, ते खाली आले. पाण्याचा आवाज झाला, पण त्याच्या आत दुसरा एक आवाज होता, बसका. तो मी ऐकला. अजूनही ऐकते.

हे वर आले. हसत होते! केस कपाळावर चिकटलेले, तोंडातून पाणी उडवत मला ओरडून सांगत होते, “मारली! अगं मारली मी!” मी नुसतं बोट दाखवलं. त्यांना कळेना. त्यांनी माझा चेहरा पाहिला, मग लाल वल्ह्याकडे पाहिलं. ते माझ्याशेजारी रिकाम्या कयाकवर आडवं पडलं होतं.

“भागू कुठाय?”

त्यांच्या भोवती पाणी हललं आणि परत सपाट झालं. वरून बंबवाल्याची शिट्टी तीन वेळा वाजली. हे पाण्यात तोंड घालायचे, जॅकेटमुळे वर फेकले जायचे, पुन्हा घालायचे. “भागू! भागू!” चष्मा नाही, भिंग नाही, पाण्याखाली ह्या माणसाला हातभर अंतरावरचंही दिसत नव्हतं. मी बांधलेल्या दोरीला धरून बसले होते. मला पोहता येत नव्हतं. काहीच येत नव्हतं. मी देवाला हाक मारली नाही, कुणाला हाक मारली नाही. मी मोजत होते. एक, दोन, तीन, चार. पाच म्हणायला मन तयार होईना, म्हणून पुन्हा एकपासून.

मग खडकाच्या पोटाखालून खोकल्याचा आवाज आला. भागू एका हाताने खडकाच्या खाचेला लोंबकळत होती. दुसरा हात नुसता पाण्यावर तरंगत होता. चष्मा गेला होता, ओठ पांढरे पडले होते. हे तिच्याकडे झेपावले तर ती म्हणाली, “थांब. दादा, थांब. तुला कुठे लागलंय का ते आधी बघ.”

बंबवाला उतरून आला, त्याने तिला उचलून तिच्या कयाकमध्ये घातलं, हात पट्ट्याने छातीशी बांधला. परतताना त्याने आम्हाला सगळ्यांना एका दोरीत ओढलं. भागू माझ्या बाजूला आडवी होती आणि तिचे दात वाजत होते. “वहिनी, मला फार भीती वाटतेय. माझ्याशी बोलत राहा.” मी काय बोलले देव जाणे. बहुतेक घरातले पडदे धुवायला टाकायचेत, असं काहीतरी. ती मधूनच मोजायची, आणि प्रत्येक वेळी तिच्या दादाचा नंबर आला की त्यांना ओ द्यायला लावायची.

इस्पितळात कळलं, गळ्याखालचं हाड मोडलंय आणि दोन बरगड्या. फोटो दिव्यासमोर धरून तिथले डॉक्टर म्हणाले, ह्यांचा पाय वीतभर इकडे पडला असता तर मानच मोडली असती.

बंबवाला येऊन रडून गेला. माझीच चूक, मी कड सोडायला नको होती, म्हणाला. हे कोपऱ्यातल्या बाकावर बसून होते. आणि मी? गाडीत बसल्यापासून मी एकच गोष्ट घोकत होते. कुणी विचारलं तर सांगायचं, मी ‘थांबा’ म्हणाले. तिथे कुणी ऐकलं होतं? वारा होता. ‘थांबा’ म्हणाले, पण त्यांना ऐकूच गेलं नाही. किती सोपं होतं!

दुपारी भागू जरा शुद्धीवर आली. गोळ्यांनी जीभ जड झाली होती, तरी तिने विचारलंच. “वहिनी, दादाने उडी का मारली? तू काहीतरी ओरडलीस. पाण्याखाली मला नुसता आवाज आला. काय ओरडलीस? जसंच्या तसं सांग.”

तिच्या डोळ्यांकडे बघून मला खोटं बोलवेना. मी सांगितलं. ‘अहो, आत्ता उडी मारायची नाही.’ शब्दन् शब्द सांगितला, आणि मग रडायला लागले. “भागू, तू वाळूत उभं करून शिकवलं होतंस गं. मला माहीत होतं. तरी तोंडातून तेच आलं.”

तिने डोळे मिटले. मला वाटलं, आता ही माझं तोंड बघणार नाही. पण तिचा चेहरा हळूहळू सैल झाला. कारण सापडलं की तिला बरं वाटतं. लिफ्टच्या कंपनीपासूनचं आहे ते. “म्हणजे ‘नाही’ वाऱ्याने नेलं,” ती म्हणाली. “दादाला ‘उडी मारायची’ एवढंच ऐकू आलं. रडू नकोस वहिनी. वाऱ्याचं काम आहे हे. तुझं नाही आणि त्याचंही नाही.”

किती मोठं ओझं उतरलं, काय सांगू! मी तिचा चांगला हात धरला आणि ह्यांच्याकडे वळून म्हटलं, “ऐकलंत ना? तुमची काही चूक नाही.”

हे बाकावरून उठले नाहीत. त्यांनी दोन्ही हातांचे तळवे बघितले, बारीक स्क्रू शोधताना बघतात तसे. मग म्हणाले, “वाऱ्याने काही नेलं नाही.”

“म्हणजे?”

“मला ‘नाही’ स्वच्छ ऐकू आलं. त्याच्या पुढचं ऐकू आलं नाही. मला वाटलं, तुझं नेहमीचंच ‘नाही’ आहे.”

भागूने डोळे उघडले नाहीत. बाहेर कुणीतरी कुरकुरणारी चाकांची खुर्ची ढकलत नेत होतं. मला त्यांच्यावर चिडायचं होतं. पण सायकल आठवली, चित्रकलेचा वर्ग आठवला.

मी जाऊन त्यांच्या बाकावर बसले. ते थोडे सरकले. मला जागा द्यायला सरकले की माझ्यापासून लांब व्हायला, ते मला कळलं नाही, आणि विचारायची भीती वाटली.