थंड खोलीतली वच्छलाबाई

चिकलठाण्याच्या आमच्या कारखान्यात स्कूटरचे सुटे भाग बनत, पण साहेबलोकांचा सगळा जीव ऑफिसातल्या थंड खोलीत अडकलेला. विद्यापीठाचं नामांतर व्हायच्या आदल्या वर्षी तिथं कॉम्प्युटर आला, त्याच्यासाठी एसी आला आणि दारावर पाटी आली: चपला बाहेर काढा. पाटीवर न लिहिलेला आणखी एक नियम होता. वच्छलाबाईनं तो उंबरा ओलांडायचा नाही.

वच्छलाबाई भीमनगरची. नवरा गेल्यावर दोन पोरींना पोसायला ती कारखान्यात झाडलोटीला लागली. शेडमधलं सांडलेलं तेल, लोखंडाचा कीस, संडास, सगळं तिच्याकडं. बोलायची कमी, पण जे बोलायची ते तोंडावर. पदर खोचून ती झाडू लागली की फोरमनसुद्धा निमूट पाय उचलून बसायचा. मी तिथला वायरमन केरबा, कन्नडकडच्या धनगराच्या घरातला. मला ती भाऊ म्हणायची.

मग थंड खोली झाडायचं कोण? कोणीच नाही. ऑफिसचे मॅनेजर बद्रीनाथराव म्हणायचे, हिच्या झाडूनं धूळ उडते, मशीन बिघडेल. आणि हेच सगळे गारव्याला म्हणून उन्हाळाभर तिथं डबे खायचे. फरसाणाचा चुरा, आंब्याच्या कोयी, टेबलाखाली पानाच्या पिचकाऱ्या. ट्यूब बदलायला गेलं की मी नाक दाबूनच शिडी चढायचो. वर हेच लोक दुसऱ्याच्या स्वच्छतेबद्दल नाकानं कांदे सोलायचे.

थंडीत एका सकाळी कॉम्प्युटर सुरूच होईना. बटण दाबलं तर ना दिवा, ना पंख्याचा आवाज. बद्रीनाथरावांना कारण लगेच सापडलं. वच्छलाबाईनं आदल्या दिवशी नामांतराच्या मोर्च्यासाठी रजा मागितली होती आणि त्यांनी ती नाकारली होती. त्या रागानं तिनंच काहीतरी केलं असणार. मशीन सुरू झालं नाही तर उद्यापासून गेटच्या आत पाऊल टाकायचं नाही, असं त्यांनी तिला सगळ्यांसमोर सुनावलं. चोर सोडून संन्याशाला फाशी. तिच्या पोरी माझ्या डोळ्यांपुढं आल्या. मी टेस्टर नि स्क्रू ड्रायव्हर घेऊन आत गेलो.

भिंतीच्या प्लगला वीज होती. तिथंच टेबलफॅन लावून बघितला, तो फिरला. स्टॅबिलायझर ठीक होता. वायर बदलून बघितली तरी मशीन मुकंच. म्हणजे दोष आतला. प्लग काढला, डब्याचे स्क्रू सोडले आणि झाकण उचललं, तसा असा भपकारा आला की मी दोन पावलं मागं झालो. आत उंदरानं संसार मांडला होता. कागदाचे कपटे, केस, फरसाणाचा चुरा, आणि मशीनला वीज पुरवणाऱ्या पेटीत चिकटून मेलेला उंदीर. फ्यूज त्यानंच उडवला होता.

बद्रीनाथराव नाकाला रुमाल लावून दाराकडं सरकले. "वच्छलाबाईला बोलवा रे," म्हणाले.

वर्षभर जिच्या झाडूनं मशीन बिघडणार होतं, तिचा हात आता चालत होता. मला किळस आली, आणि ती उंदराची नव्हती. मीच काढतो असं म्हणेपर्यंत ती आली, पाटीप्रमाणं चपला बाहेर काढून. तिनं उंदीर कागदात उचलला, घरटं काढलं, टेबलाखालच्या पिचकाऱ्यासुद्धा पुसल्या. मी पेटी साफ करून फ्यूज बदलला, बटण दाबलं आणि पंखा घुरघुरू लागला. आमचं चुकलं, असं तिला कोणी म्हणालं नाही.

दुसऱ्या दिवशी ऑफिसात पाऊल टाकलं तर जळका वास. बटण दाबल्याबरोबर फट्कन आवाज होऊन धूर निघाला, असं शिपाई सांगत होता. मालक स्वतः आले होते आणि बद्रीनाथराव त्यांना पटवत होते की काल बाईचा हात लागला, आता दुसरं काय होणार. तिला कामावरून काढल्याशिवाय इलाज नाही, असंही म्हणाले. वच्छलाबाई उंबऱ्याबाहेर झाडू धरून उभी होती.

मी पुन्हा झाकण उचललं. आत सगळं ओलं. डब्याच्या जाळीतून काहीतरी खाली झिरपलं होतं. जनावरांत वाढलेला माणूस मी, तो वास कशाचा ते मला कोणी सांगायची गरज नव्हती. वच्छलाबाईचे पाय लागले म्हणून सकाळी खोली शुद्ध करून घेतली होती. पिचकाऱ्यांनी ती खोली बाटली नव्हती, मेल्या उंदरानं बाटली नव्हती. मला तिथंच थुंकावंसं वाटलं.

"मालक, वास घ्या," मी म्हणालो. "बाईचा हात नाय हा. गोमूत्र हाय. आत शिंपडलंय कुणीतरी."

मालक वाकले आणि नाक मुरडून सरळ झाले. त्यांनी बद्रीनाथरावांकडं बघितलं. बद्रीनाथराव दारावरची पाटी वाचू लागले. मालकांना राग बाईसाठी आला, असं मी म्हणणार नाही. त्यांचं मशीन जळालं होतं. पण तिचं काम चालू राहील, असं त्यांनी सांगितलं, आणि जरा मोठेपणानं म्हणाले की आजपासून ही खोलीही तूच झाडायची.

वच्छलाबाईनं बाहेरूनच खोलीवर एकवार नजर फिरवली.

"बाकी समदा कारखाना झाडीन, मालक," ती म्हणाली. "संडासबी धुईन. त्या खोलीत नाय जायची मी. लई घाण हाय तिथं."