अधिकातली पौर्णिमा

मी शासकीय नियमनात एम.ए. केलं म्हणजे नेमकं काय केलं, हे आमच्या गावात कुणालाच धड सांगता आलं नाही. आई म्हणायची, ती सरकारचे कायदे शिकते. म्हणजे वकील होणार? नाही. मग तलाठी? तेही नाही. एवढ्यावर विचारणारा विषय बदलायचा, आणि खरं सांगायचं तर मीही. रत्नागिरीला भाट्याच्या खाडीपलीकडे आमचं घर, बाबांची एक बोट, आणि त्या बोटीवर वाढलेले आम्ही सगळे. मुंबईचं वसतिगृहसुद्धा तिच्यावरच चाललं.

मुंबईत दोन वर्षं आम्ही हेच शिकलो: नियम कसा करावा, तो पाळला जातोय की नाही यावर लक्ष कसं ठेवावं, मोडणाऱ्याला कसला दंड लावला म्हणजे पुढचा घाबरेल. वर्गातल्या इतरांनी प्रबंधाला वीज घेतली, औषधं घेतली. मी मासेमारीची पावसाळी बंदी घेतली. ही बंदी जुलैअखेर उठते आणि त्याआधीच ती मोडणारे मोडतात, हे किनाऱ्यावरच्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. पण माझ्याकडे याहून भारी माल होता. आमच्या गावात सरकारी बंदी उठली तरी नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ दिल्याशिवाय एकही बोट पाण्यात जात नसे. गस्त नाही, दंड नाही, तरी मोडत नसे. तो नारळ सोडण्याचा मान आमच्या घराचा. यावर मी पानंच्या पानं लिहिली. तोंडी परीक्षेत एका परीक्षकांनी विचारलं की हे इतर जिल्ह्यांत राबवता येईल का. मी फळ्यावर बाण काढून कसं राबवता येईल ते समजावलं. ते बाण मी अजून विसरले नाही.

निकाल लागला आणि मी घरी आले. बाबांना जाळं सांधता सांधता सगळा प्रबंध मराठीत सांगितला. ते माझ्यावर इतके खूश मी कधी पाहिले नव्हते.

त्या वर्षी श्रावण दोनदा आला, आधी अधिक आणि मग निज. अधिकातली पौर्णिमा अगदी बंदी उठते त्या सुमाराला पडली. खरी नारळी पौर्णिमा निजातली, म्हणजे महिनाभर पुढे. महिनाभर बोटी किनाऱ्यावर ठेवून बसायचं, आणि समोरून बाहेरच्या बोटी भरून जाताना बघायच्या. गावातल्या तरुण बोटवाल्यांनी देवळात बैठक बोलावली. त्यांचं म्हणणं सरळ होतं: पौर्णिमा ती पौर्णिमा, नारळ अधिकातच सोडू आणि बाहेर पडू. कायदा राहील, रीतही राहील. गुरुजींना विचारलं तर ते म्हणाले, अधिकात सण करत नाहीत, पण समुद्राला नारळ द्यायला मी कोण अडवणार. शेवटी सगळ्यांनी बाबांकडे पाहिलं, कारण नारळ त्यांच्या हातात.

मी देवळाच्या पायरीवर बसले होते. मला वाटलं होतं बाबा हो म्हणतील. त्यांच्या खलाशांनी आधीच कुरकुर लावली होती. ते आतल्या गावांतले, मासळीतल्या हिश्शावर काम करणारे. बोट उभी राहिली की त्यांच्या हाती काहीच येत नाही. बाबा म्हणाले, "माज्या पोरीन मुंबईत लिवून दिलान हाय, हा गाव नारळाआदी दर्यात जात नाय. मग आमी जायचा नाय."

कुणी वाद घातला नाही. दोन-चार जणांनी माझ्याकडे वळून पाहिलं. उठून सांगावंसं वाटलं की बाबा, ते परीक्षेपुरतं होतं, ते कपाटात गेलं, पुन्हा कुणी उघडणार नाही. पण ते इतक्या अभिमानाने बोलले होते की मी पायरीवरच बसून राहिले.

बंदी उठल्यावर पहिल्या आठवड्यात गावातल्या दोन बोटी नारळाविनाच गेल्या. मग एकेक करून बाकीच्या. आमचे खलाशी दुसऱ्यांच्या बोटींवर चढले, आणि जाताना बाबांच्या पाया पडून गेले, याचा राग मला अजून येतो. निजातल्या पौर्णिमेला बाबांनी नवं धोतर नेसून नारळ सोडला. किनाऱ्यावर बोट आमची एकटीच होती. बाकीच्यांच्या बायका नटून आल्या होत्या, त्यांनी आरती म्हटली, प्रसाद घेतला आणि मासळी उतरवून घ्यायला जेट्टीवर गेल्या.

त्यानंतर बाबांना खलाशी मिळालेच नाहीत. ज्याची बोट आधी जाते त्याच्याकडे माणसं टिकतात, आणि बाबांकडे टिकायला कारणच नव्हतं. शिमग्याच्या आधी हर्णैच्या एका माणसाने आमची बोट विकत नेली. मला रत्नागिरीत एका खाजगी कचेरीत नोकरी लागली. कंपन्यांनी नियम पाळले असं दाखवणारे कागद मी तयार करते. चांगलं जमतं मला ते. शिकलेच आहे.

पुढच्या वर्षी बाबा दुसऱ्याच्या बोटीवर खलाशी म्हणून लागले, बैठक बोलावणाऱ्यांपैकीच एकाच्या. बंदी उठली त्याच पहाटे ती बोट निघाली. पौर्णिमा पुढे होती, नारळ अजून कुणी दिला नव्हता. मी त्यांना सोडायला जेट्टीवर गेले. त्यांचा डबा हातात धरून उभी राहिले. बोटीवर चढून त्यांनी तो माझ्याकडून घेतला आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "ता तुजा लिवलेला आता खोडून टाक, बाय."