टाकीभर पाणी सांडणारा पाहुणा

पितळी व्हॉल्व्हचा गारठा हाताला लागला की चिखलदऱ्याची ती संध्याकाळ आठवते. आमच्या स्ट्रॉबेरीच्या शेताशेजारी एक माणूस अख्ख्या घरासारखी गाडी लावून राहिला होता. आत ओटा, पलंग, मोरीसुद्धा. दुपारी त्यानं आमच्या विहिरीवरून गाडीची टाकी भरून घेतली आणि दिवस कलताच खालची तोटी उघडून सगळं पाणी शेताच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, सोडून दिलं. बाबांनी तिथली ओली माती उचलून हुंगली. "पाणी मांगून फेकते कावून? काईतरी कालवलं असन यानं." मलाही तो माणूस सरळ वाटला नव्हता. तो आभाळाकडे बघत म्हणाला, "आज पाणी गोठेल, नळ्या फुटतील. तुमचा विहिरीवरचा पाईपही व्हॉल्व्ह उघडून रिकामा करा." बाबांनी मला राखणीला बसवलं. "व्हॉल्व्हले हात लावू देऊ नोको त्याले." सकाळी गवतावरचं दव गोठून पांढरं पडलं होतं. गाडी निघून गेली होती आणि आमचा पाईप उभा चिरला होता. बाबा चिरेवरून बोट फिरवत म्हणाले, "पण त्याले कालच कसं माईत होतं?" आता कडाक्याची थंडी पडली की संध्याकाळी मीच तो व्हॉल्व्ह उघडून पाईप रिकामा करतो. बाबा दारातून बघत राहतात, आणि मी आत गेलो की हळूच येऊन तिथली माती हुंगतात.