हेडलाइटची मालिश

हसा, पण आधी चहाचा कप खाली ठेवा! काऊन का, माझ्या या फजितीनं मागं एकाच्या नाकातून चहा आला होता.

बायको बाळंतपणाले माहेरी होती, कुरखेड्याकडच्या जंगलातल्या एका गावात. थंडीचे दिवस. मोबाइल त तेव्हा ऐकूनही माहीत नव्हता. अन् ऐन दिवेलागणीले शोभाले कळा सुरू झाल्या! गावात चारचाकी एकच, जावयाची. म्हणजे माझी, सेकंडहँड. शोभाले मागच्या सीटवर निजवलं, सासूबाई तिच्या उशाशी, अन् निघालो वडशाच्या दवाखान्यात.

जंगल लागलं अन् रस्ताच दिसेना! दिवसभर मळणीचा भुसा उडालेला, त्यावर दव पडलेलं. हेडलाइटच्या काचांवर लेपच बसला होता. उजेड कसा? समईवाणी!

"हळू चालवा हो!" शोभा कण्हली.

"लवकर चालवा!" सासूबाई ओरडल्या.

आता सांगा, माणसानं करावं काय?

थांबलो. सासूबाईच्या पिशवीतून अंधारात पाण्याची समजून बाटली ओढली, काचांवर ओतली अन् खसाखसा पुसल्या. होता तोही उजेड गेला! हात हुंगून पाह्यला, त बाळाच्या मालिशचं तेल! मग काय, धूळ, किडे, सारं जंगल येऊन काचेले चिकटून राह्यलं. मले त्या थंडीत घाम फुटला. अंगातला शर्ट काढला अन् वाकून घासत बसलो. तिकडं शोभाचं कण्हणं, इकडं माझं घासणं.

तेवढ्यात मागून एसटी आली अन् थांबली. इंजिनाची ही घरघर! कोणीतरी ओरडलं, "...जाऊन राह्यलो!" मले वाटलं, कंडक्टर साइड मागून राह्यला. मान वर न करता हात हलवला. "हो हो, जा! लय जागा आहे!"

एसटी गेली. शेवटी काचा साफ झाल्या एकदाच्या. उडी मारून बसलो अन् गाडी दामटली.

"घाबरू नको शोभा, आलंच वडसा."

उत्तर नाई.

"शोभा? आई, तुम्ही तरी बोला!"

चूप! मागं वळून पाहायची हिंमत कोणाची? रडत रडत, आठवतील त्या साऱ्या देवांले हाका मारत दवाखाना गाठला.

"स्ट्रेचर आणा! पेशंट बोलत नाई!"

सिस्टर धावत आली, मागून स्ट्रेचर. दार उघडलं. सीट रिकामी!

"पेशंट कुठी आहे भाऊ?"

काय सांगू? दोघी रस्त्यात पडल्या का काय?

इतक्यात आतून सासूबाई आल्या. "जावईबापू, पोरगी झाली! एसटीनं जाऊन राह्यलो म्हणून किती ओरडली मी! तुम्हीच म्हणाले, जा, लय जागा आहे!"

पोरगी झाली, एवढंच ऐकू आलं. मग डोळ्यापुढं जो अंधार आला, तो थेट वॉर्डात गेला.

बाप लोक पोरीचं तोंड पहिल्यांदा उभ्यानं पाहतात. मी पाह्यलं ते स्ट्रेचरवर आडवा, उघड्या अंगानं. अन् बाजूच्या खाटेवरची बाळंतीण ओरडून राह्यली होती, "सिस्टर, मी बरी आहे! आधी ह्यांले पाहा!"